निखाऱ्याची चव, निखाऱ्यावाचून

टेबलाच्या मधोमध कोरलेली चौकोनी खाच, तीत आणून बसवलेली धगधगत्या कोळशांची लोखंडी पेटी, तिच्यावर आडव्या मांडलेल्या सळया आणि सळयांत ओवलेले कोंबडीचे, माशाचे, पनीरचे, नाहीतर अननसाचे तुकडे. हे दृश्य आता मुंबई-पुण्यापुरते राहिलेले नाही. नाशिक-नागपूरच्या मध्यमवर्गीय कुटुंबांनाही ते परिचयाचे झाले आहे. २००६ मध्ये ‘बार्बेक्यू नेशन’ या साखळीचे पहिले उपाहारगृह मुंबईत सुरू झाले आणि शेगडी थेट गिऱ्हाइकाच्या पुढ्यात मांडण्याची ही रीत हळूहळू वाढदिवस, बढती आणि कचेरीतील निरोप समारंभ यांचा ठरलेला भाग होऊन बसली. एका माणसामागे एक ठरलेली रक्कम भरायची आणि पोट नको म्हणेपर्यंत खायचे, असा हा सरळ व्यवहार आहे.

या व्यवहारातील कोळसा मात्र आता वादात सापडला आहे. मुंबईच्या बिघडलेल्या हवेबाबत उच्च न्यायालयाने स्वतःहून दाखल करून घेतलेल्या जनहित याचिकेवर ९ जानेवारी २०२५ रोजी आदेश झाला. लाकूड आणि कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळावे, असे न्यायालयाने बजावले. त्यानंतर महापालिकेने बेकऱ्यांबरोबरच हॉटेले, उपाहारगृहे, ढाबे आणि तंदूर लावणाऱ्या खाद्यगृहांनाही नोटिसा धाडल्या आणि ८ जुलै २०२५ ही मुदत घालून दिली. ती उलटून गेली आहे. दिल्ली परिसरात तर हवा बिघडल्याची पहिली पायरी जाहीर होताच हॉटेलांतील तंदुरांसाठीही कोळसा आणि लाकूड वापरण्यास मनाई केली जाते. साहजिकच खवय्यांच्या मनात प्रश्न उभा राहतो, की कोळसा गेला तर बार्बेक्यूत उरणार काय? या प्रश्नाचे उत्तर भावनेपेक्षा स्वयंपाकाच्या शास्त्रात शोधणे अधिक बरे. आणि ते शोधण्यासाठी प्रथम त्या टेबलावर प्रत्यक्षात काय घडते, ते पाहायला हवे.

गिऱ्हाइकाला वाटते, की आपले जेवण आपल्यासमोर शिजत आहे. वास्तविक तसे क्वचितच असते. सळईवरील कोंबडी बहुतेक वेळा मुदपाकखान्यातच तंदुरात किंवा भट्टीत भाजून झालेली असते. टेबलावरची शेगडी तिला गरम ठेवते आणि वरची कड थोडी खरपूस करते. यात फसवणूक नाही, शहाणपण आहे. कोंबडीच्या मांसाचे अंतर्भागातील तापमान सुमारे ७४ अंश सेल्सियसपर्यंत पोहोचल्याखेरीज ती खाण्यास सुरक्षित समजली जात नाही. गप्पांत रंगलेल्या बारा जणांच्या हाती कच्चे मांस सोपवून तेवढी दक्षता त्यांच्याकडून अपेक्षिणे कोणत्याही मालकाला परवडणारे नाही. शिवाय कच्च्या मांसाला लागलेला चिमटा शेजारच्या पनीरला लागण्याचा धोका निराळाच.

टेबलावर एक चिमुकला झेंडाही असतो. तो उभा आहे तोवर वाढपी सळया आणत राहतो. आडवा केला की थांबतो. पोट भरल्याची जाणीव व्हायला नेहमीच थोडा वेळ लागतो आणि हा झेंडा आडवा होईपर्यंत त्या अवधीत बरेच बटाटे, मके आणि पनीर पोटात गेलेले असतात. पुढे मांडलेल्या बिर्याणी-भाज्यांकडे आणि गोडाच्या टेबलाकडे वळताना हात आपोआप आखडतो. ‘अमर्याद’ या शब्दामागचे गणित हे असे आहे. दहा जणांच्या टोळीत दोघे भरपूर खाणारे असले, तरी आजी, लहान मुले आणि ‘मी आज हलकेच घेणार’ म्हणणारे काका मिळून सरासरी खाली आणतात. जागेचे भाडे आणि कामगारांचे पगार दुपार असो की रात्र, द्यावेच लागतात. म्हणून आठवड्यातील दुपारचा दर रविवारच्या रात्रीपेक्षा कमी ठेवून रिकामी टेबले भरली जातात. पैसे वसूल करण्याच्या ईर्ष्येने येणाऱ्याने निदान पहिल्या पाच मिनिटांत बटाट्याशी सलगी करू नये, एवढेच सांगता येईल. सेवा शुल्काबाबतही एक गोष्ट ठाऊक असलेली बरी. ते आपोआप बिलात जोडता येत नाही, अशी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली.

आता ‘बार्बेक्यू’ या शब्दाकडे वळू. कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांच्या भाषेत उंच लाकडी मांडवाला, मचाणाला जो शब्द होता, त्यावरून स्पॅनिश ‘बार्बाकोआ’ आणि पुढे इंग्रजी शब्द आला. अमेरिकेच्या दक्षिण भागात आजही या शब्दाचा अर्थ आपल्याकडील टेबल-शेगडीशी जुळत नाही. तिथे निखाऱ्यावर चटकन भाजण्याला ‘ग्रिल’ म्हणतात. ‘बार्बेक्यू’ म्हणजे मंद आचेवर, लाकडाच्या धुरात, तासन् तास शिजवणे. या फरकावर तिथली माणसे हमरीतुमरीवर येऊ शकतात आणि ते बरोबरच आहे, कारण या दोन अगदी वेगळ्या पाककृती आहेत.

टेक्सासचे उदाहरण घेऊ. एकोणिसाव्या शतकात तिथे स्थायिक झालेले जर्मन आणि चेक खाटीक न विकले गेलेले मांस टिकावे म्हणून धुरावत. शेतमजूर ते दुकानातच विकत घेऊन खाटकाच्या कागदावरच, कांदा-लोणचे आणि बिस्किटांसारख्या कोरड्या पावाबरोबर खात. आजही मध्य टेक्सासातील अनेक दुकानांत मांस वजनावर विकले जाते आणि ताटाऐवजी कागद मिळतो. लॉकहार्ट नावाच्या छोट्या गावातील ‘क्रॉइत्झ मार्केट’ १९०० पासून आहे. या गावाला टेक्सासच्या प्रतिनिधिगृहाने १९९९ मध्ये राज्याची बार्बेक्यू राजधानी म्हणून गौरवले. ऑस्टिनमध्ये २००९ साली एका ट्रेलरमधून सुरू झालेल्या ‘फ्रँकलिन बार्बेक्यू’समोर सकाळपासून रांग लागते आणि माल संपला की त्या दिवसाचे दुकान बंद होते. आपल्याकडे ‘अमर्याद’ हा विक्रीचा मंत्र. तिथे ‘संपले’ ही पाटी प्रतिष्ठेची.

तिथला मानाचा पदार्थ ‘ब्रिस्किट’, म्हणजे गुराच्या छातीकडील मांसाचा भला मोठा तुकडा. हा भाग चिवट असतो, कारण त्यात कोलाजेन या संयोजी तंतूंचे प्रमाण फार. ११० ते १३५ अंशांच्या आचेवर बारा-चौदा तास ठेवल्यानंतर हे कोलाजेन विरघळून जिलेटिन बनते आणि वहाणेसारखे मांस लोण्यासारखे होते. मधेच एक गंमत घडते. आतील तापमान सत्तरच्या आसपास आले, की पारा तासन् तास हलेनासा होतो आणि नवशिके घाबरून आच वाढवतात. खरे तर तिथे माठाचेच तत्त्व काम करत असते. माठाच्या अंगातून झिरपणारे पाणी वाफ होताना जसे आतले पाणी थंड ठेवते, तसे मांसातून बाहेर येणारे पाणी वाफ होताना त्याला गार करीत राहते. ते पाणी सरले की पारा पुन्हा चढू लागतो. टेक्सासातील मराठी कुटुंबांपैकी जे गोमांस खात नाहीत, ते अशा दुकानांत टर्की, कोंबडी यांवर भागवतात. निव्वळ शाकाहारी मंडळींनी मात्र घेवड्याच्या उसळीबाबतही विचारून घ्यावे, कारण तीत अनेकदा मांसाचे तुकडे असतात.

या पाककृतीत लाकडाला पर्याय नाही, कारण चव लाकडाच्या धुरातच असते. लाकडातील लिग्निन हा घटक जळताना ग्वायकॉल, सिरिंगॉल यांसारखी सुगंधी संयुगे बाहेर पडतात आणि ती ओलसर मांसावर बसत जातात. आपल्या रायगड जिल्ह्यातील पोपटी या जातकुळीच्या जवळची. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, हौस असेल तर अंडी-कोंबडी भरायची, तोंड पाल्याने बंद करायचे, मडके उपडे ठेवून भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. इथे सुगंध लाकडाचा कमी आणि पाल्याचा अधिक, परंतु तो इंधन-पाल्याच्या या मेळातूनच येतो. गॅसवरची पोपटी खाल्लेले लोक सहसा दुसऱ्यांदा ती मागत नाहीत.

टेबलावरच्या शेगडीत मात्र लाकूड नसते, कोळसा असतो. आणि इथे सारे चित्र बदलते. लोणारी कोळसा म्हणजे कमी हवेत जाळलेले लाकूड. भट्टीत त्यातील पाणी, डांबरासारखे द्रव आणि उडून जाणारी संयुगे आधीच निघून गेलेली असतात. उरतो तो बहुतांशी शुद्ध कार्बन. म्हणजे ज्यातून धुराची चव यायची, ते सगळे कोळसा पाडतानाच उडालेले असते. पूर्ण पेटलेला निखारा जवळजवळ गंधहीन असतो, असे म्हटले तर अनेकांचा विश्वास बसत नाही. त्याचा पुरावा घरातच आहे. डाळीला किंवा भरताला ‘धुंगार’ देताना आपण वाटीत निखारा ठेवतो आणि त्यावर तूप सोडून झाकण घालतो. नुसता निखारा ठेवला तर फारसे काही होत नाही. तुपाचा थेंब पडताच भपकन् धूर उठतो आणि तोच पदार्थात मुरतो. चव तुपाची असते. निखारा फक्त त्याला जाळण्याचे काम करतो.

टेबलावर हेच घडते. मुरवलेल्या तुकड्यांतून चरबी, दही आणि तेल ठिबकते, निखाऱ्यावर पडून जळते आणि तो धूर वर येऊन तुकड्यांनाच चिकटतो. शेजारी ठेवलेल्या वाटीत बुडवून ब्रशने तेल-मसाला लावण्याची जी गंमत मुलांना वाटते, ती नुसती करमणूक नाही. पनीर आणि अननस यांना जो ‘बार्बेक्यूचा’ वास येतो, तो मुख्यतः त्या ब्रशामुळे. जोडीला असते पृष्ठभागावरील खरपूसपणा. प्रथिने आणि शर्करा तापून तपकिरी होतात, तेव्हा शेकडो नवी चवदार संयुगे तयार होतात. ल्वी-कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये या प्रक्रियेचे वर्णन केले आणि ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. भाकरीचा पापुद्रा, कांद्याची परतणी, शेंगदाण्याचा भाजका वास या सगळ्यांत हीच प्रक्रिया आहे आणि तिला इंधन कोणते, याचे काहीच देणेघेणे नसते. तिला हवी असते ती कोरडी, तीव्र उष्णता.

कोळशाचा खरा गुण इथे आहे. रसरशीत निखाऱ्याचे तापमान ७०० अंशांच्या पुढे जाते आणि तो उष्णता मुख्यतः अवरक्त किरणांच्या रूपाने फेकतो. ते किरण हवेला फारसे न तापवता थेट पदार्थाचा पृष्ठभाग तापवतात. त्यामुळे बाहेरून कड येते आणि आत रस राहतो. दुसरे असे, की कोळशात हायड्रोजन जवळजवळ नसल्याने तो जळताना वाफ होत नाही. गॅसचे तसे नाही. नळाने येणारा गॅस असो वा सिलिंडरमधला, त्याच्या ज्वलनातून भरपूर पाण्याची वाफ निघते आणि ही दमट हवा पदार्थाभोवती राहते. कोळशावरचा कबाब अधिक कोरडा खरपूस होतो, ही जाणकारांची तक्रारवजा स्तुती कल्पित नाही.

पण हा फरक भरून काढता येतो. गॅसच्या ज्योतीवर लाव्हाचे दगड किंवा धातूच्या पट्ट्या ठेवल्या, की त्या तापून लाल होतात, निखाऱ्याप्रमाणे किरण फेकतात आणि त्यांवर पडलेली चरबी जळून तोच धूर देते. विजेच्या शेगडीतील तापलेल्या कांबी तर वाफही सोडत नाहीत. तंदुराचे सर्वांत कमी नुकसान होते. तिथे रोटी भाजणारी आणि कोंबडीला चोहोबाजूंनी आच देणारी वस्तू म्हणजे मातीची जाड भिंत. ती कशाने तापली, हे भिंतीला ठाऊक नसते. सर्वांत जास्त गमावतो तो उघड्या सिगडीवर सीख कबाब भाजणारा कारागीर. हातातल्या पंख्याच्या दोन फटक्यांत निखारा भडकवणे आणि पुढच्या क्षणी सळई उचलून तो शांत होऊ देणे, ही कला गॅसच्या चकतीवर उतरत नाही.

तात्पर्य, टेक्सासच्या धुरी-मांसाचा बचाव ज्या मुद्द्यांवर करता येईल, त्या मुद्द्यांवर टेबल-शेगडीच्या कोळशाचा करता येत नाही. वातानुकूलित उपाहारगृहाच्या मालकाने ‘कोळसा गेला तर चव गेली’ म्हणणे हे बरेचसे जाहिरातीचे दुःख आहे. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर पडणारा लालसर उजेड जातो, हे खरे. पण ती चव नव्हे.

उलट बंद दालनात कोळसा नसण्याचा एक मोठा लाभ आहे. धूर न सोडणारा निखारा निरुपद्रवी वाटतो, मात्र अपुऱ्या हवेत जळणाऱ्या कार्बनमधून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवते. हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपल्यामुळे होणाऱ्या मृत्यूंमागे हाच वायू असतो. टेबलांवर शेगड्या मांडणाऱ्या उपाहारगृहात हवा खेचणारी यंत्रणा सतत चालू असायलाच हवी. जेवताना डोके जड वाटू लागले, डोळे चुरचुरू लागले, तर मसाल्याला दोष न देता जागा बदलून मागावी, नाहीतर सरळ बाहेर पडावे. गिऱ्हाईक दोन तासांनी घरी जाते. वाढपी रोज आठ-दहा तास तिथेच असतो, हे त्या यंत्रणेचा खर्च टाळणाऱ्यांच्या लक्षात यायला हवे.

इंधन बदलल्याने सगळेच प्रश्न मिटतात, असेही नाही. ठिबकलेल्या चरबीचा धूर गॅसवरही उठतो. त्यात बेंझो-ए-पायरीन हे संयुग असते आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसात निश्चितपणे कर्करोगकारक अशा पहिल्या गटात घातले आहे. तीव्र आचेवर मांस भाजताना स्नायूंतील क्रिएटिनपासून आणखी काही घातक संयुगे तयार होतात. पनीर आणि भाज्यांत क्रिएटिन नसल्याने ती तिथे उद्भवत नाहीत. महिन्यातून एकदा बार्बेक्यू खाणाऱ्याने झोप उडवून घ्यावी असे यात काही नाही. काळी कोळसा झालेली कड मात्र मानाची समजून खाऊ नये. ती काढून टाकावी. सळई वारंवार फिरवत राहावी. आंबट पदार्थ आणि मसाले यांत मांस मुरवल्यास ही संयुगे कमी तयार होतात, असे प्रयोगांत दिसून आले आहे, म्हणजे दही, लिंबू, आले-लसूण लावून ठेवण्याची आपली जुनी रीत इथे उपयोगी पडते. शहराच्या हवेच्या दृष्टीनेही चरबीच्या या धुराचे कण बाहेर सोडण्यापूर्वी गाळणे आवश्यक आहे; नुसते गॅसचे बिल दाखवून ती जबाबदारी संपत नाही.

बेकऱ्यांविरुद्धच्या तक्रारीचे स्वरूप थोडे वेगळे होते. तिथल्या भट्ट्यांत जुन्या फर्निचरचे, रंग आणि रसायने चढवलेले भंगार लाकूड जळत असते आणि त्याचा धूर साध्या लाकडापेक्षा अधिक घातक असतो. त्या तुलनेत कबाबाच्या सिगडीतील लोणारी कोळसा कमी दोषी ठरतो. नोटीस मात्र दोघांनाही सारखीच आली.

आणि मुंबईचे खरे बार्बेक्यू तर त्या सिगडीभोवतीच वाढले आहे. कुलाब्याला ताजमहाल हॉटेलच्या पाठीमागे ‘बडेमियां’ची शेगडी १९४६ पासून पेटते, रमजानच्या रात्री महंमद अली रस्त्यावर निखाऱ्यांच्या रांगा लागतात. मोठ्या साखळी उपाहारगृहाला मुदपाकखान्यात नळाचा गॅस घेता येतो, विजेचा तंदूर बसवता येतो आणि त्याचा खर्च माणशी दरात मिसळूनही टाकता येतो. पदपथावर सहा फुटांच्या जागेत सिगडी मांडणाऱ्याला नळाचा गॅस मिळत नाही, विजेची जोडणी मिळणे दुरापास्त असते, आणि सिलिंडर आणून ठेवला तर आगीच्या धोक्याचे कारण देऊन महापालिकेचेच पथक तो उचलून नेते.